वयात येण्याच्या तीन तारखा

बीड आणि सीगल हे दोन शब्द मी एका वाक्यात वापरले की ऑफिसमधली मंडळी हसतात. बीड म्हटलं की त्यांना दुष्काळ आठवतो, ऊसतोड आठवते, राजकारण आठवतं. समुद्रपक्षी कुणालाच आठवत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. बीडहून समुद्र सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये अख्खा सह्याद्री आडवा.

पण पाणी मोठं असलं की पक्ष्याला जिल्ह्याचं नाव विचारायची गरज पडत नाही. गोदावरीवर पैठणचा नाथसागर आहे (१९८६ पासून पक्षी अभयारण्य), आणि त्याच्या कालव्याचं पाणी जिथे येतं ते सिंदफणेवरचं माजलगावचं धरण आमच्याच जिल्ह्यात आहे. हिवाळ्यात अशा मोठ्या जलाशयांवर बदकांच्या गर्दीत थोडे कुरवही असतात. कुरव म्हणजे गल. तुम्ही एलिफंटाच्या लाँचमधून ज्यांना कुरकुरे टाकता (टाकू नका!), तेच हे.

मुळात 'समुद्रपक्षी' हा शब्दच जरा फसवा आहे. मुंबईत सगळ्यात जास्त दिसणाऱ्या कुरवांपैकी एक म्हणजे तपकिरी डोक्याचा कुरव. त्याचा जन्म होतो लडाखमध्ये, तिबेटमध्ये, मध्य आशियाच्या उंच पठारांवर. त्सो मोरिरी तलाव साडेचार हजार मीटर उंचीवर आहे, तिथे याची घरटी असतात. म्हणजे आपण ज्याला समुद्राचा पक्षी म्हणतो तो जन्माने पक्का डोंगरातला. हिवाळ्यात सगळं गोठलं की पोटासाठी खाली येतो. गाव एकीकडे आणि पोट दुसरीकडे. पुण्यात राहणाऱ्या बीडकराला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही :)

आता मुद्द्यावर येतो. परवा एका मित्राने धरणावर काढलेले फोटो दाखवले आणि विचारलं, "यात किती जाती आहेत?" मी म्हटलं, दोनच. त्याला सहा वाटत होत्या. आणि यात त्याची काही चूक नव्हती. कुणाचं डोकं पांढरं, कुणाच्या डोळ्यामागे काळा ठिपका, कुणाच्या पंखांवर तपकिरी पट्टा, कुणाच्या शेपटीला काळी किनार. एकाच जातीचे पक्षी एकाच ओळीत बसलेत आणि प्रत्येकाचा युनिफॉर्म वेगळा. गंमत अशी की हे सगळे फरक म्हणजे वयाचे दाखले आहेत. वाचता आले तर प्रत्येक कुरवाच्या अंगावर त्याची जन्मतारीख ढोबळमानाने लिहिलेली असते.

ते वाचायचं कसं, ते थोडक्यात सांगतो. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा अंगावर मातकट, ठिपक्यांची लव असते. दगडात, गवतात दिसू नये म्हणून. काही आठवड्यांत पहिली खरी पिसं येतात, तीही तपकिरी, खवल्यांसारखी. या पिसांवर ते उडायला शिकतं. मग पहिल्या हिवाळ्याआधी डोक्याची आणि अंगाची पिसं बदलतात, पण पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं तीच राहतात. म्हणून पहिल्या हिवाळ्यातला कुरव अर्धा मोठा, अर्धा लहान दिसतो. पाठ राखाडी झालेली, पण पंखावर तपकिरी पट्टा आणि शेपटीच्या टोकाला काळी किनार शिल्लक. दहावी झालेला मुलगा थोरल्या भावाचा शर्ट घालतो पण खाली शाळेची पँट असते, तसं काहीसं.

पुढच्या उन्हाळ्यानंतर सगळी पिसं बदलतात आणि काळ्या डोक्याचा किंवा तपकिरी डोक्याचा कुरव दुसऱ्या हिवाळ्यात मोठ्यांसारखा दिसायला लागतो. पट्टा गेला, किनार गेली, शेपटी पांढरीशुभ्र. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे तर डोळेही बदलतात. लहानपणी गडद असतात, मोठेपणी बुबुळ फिकट होतं. दुर्बिणीतून ते डोळे पाहिले तर पक्षी आपल्यावर वैतागलाय असं वाटतं.

हे झाले लहान कुरव, यांना दोन वर्षं पुरतात. मोठ्या जातींना त्याहून जास्त लागतात. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात पल्लास गल दिसतो, त्याला पूर्ण मोठ्यांचा पिसारा यायला चार वर्षांच्या आसपास लागतात. म्हणून पक्षीनिरीक्षक कुरवांची विभागणीच 'दोन वर्षांचे', 'तीन वर्षांचे', 'चार वर्षांचे' अशी करतात. बी.ई.चा कोर्स चार वर्षांचा, तसा. फक्त इथे एटीकेटी नाही.

आमच्या धंद्यातल्या लोकांना पीस बदलण्याची पद्धत विशेष आवडेल. उडणाऱ्या पक्ष्याच्या पंखाची पिसं झिजतात, ती बदलावीच लागतात. पण एकदम सगळी गळाली तर उडणार कसं? बदकं काय करतात, सरळ डाउनटाइम घेतात. विणीनंतर पंखांची मोठी पिसं एकदम टाकतात आणि काही आठवडे उडतच नाहीत, पाण्यात लपून राहतात. कुरवाचं तसं नाही. तो पंखाच्या आतल्या बाजूने सुरुवात करून एकामागून एक पीस बदलत बाहेर टोकापर्यंत जातो. दोन्ही पंखांत साधारण एकाच क्रमाने, म्हणजे तोल जात नाही. सर्व्हर एकेक करून अपग्रेड करायचे आणि साइट चालू ठेवायची, हे आपण फार हुशारीने शोधलं असं आपल्याला वाटतं. असो.

आणि टोकाची पिसं काळी का? काळ्या रंगाचं मेलॅनिन पिसाला मजबूत करतं. टोकाला झीज सगळ्यात जास्त, म्हणून तिथे काळा रंग. नुसती फॅशन नाही.

मोठ्या कुरवाचा आणखी एक बदल दरवर्षी होतो. हिवाळ्यात काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं चक्क पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोक्याची पिसं बदलतात आणि चॉकलेटी टोपी चढते (नाव काळ्या डोक्याचा, पण रंग खरा गडद चॉकलेटी). मार्चमध्ये धरणावर गेलात तर अर्धवट टोपी घातलेले कुरव दिसतील. टोपी पूर्ण झाली की समजायचं, स्वारी निघाली. लग्नाचे कपडे इथेच शिवून मग गावी जायचं, असा प्रकार. पहिल्या वर्षाच्या पोरांना ही टोपी येते तीही बहुतेक वेळा अर्धीमुर्धी.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. मला खरा प्रश्न पडला तो पुढे. पक्षी उडायला लागतो दीड महिन्यात. आकाराने आईबापाएवढा होतो पहिल्याच वर्षी. मग दोन वर्षं, चार वर्षं कसली वाट बघतो? चिमणी एका वर्षात घरटं करते. आणि खऱ्या अर्थाने समुद्रावर जगणारे पक्षी तर कुरवालाही लाजवतात. सूटी टर्न म्हणून एक सुरय आहे, आपल्या लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर त्याची वसाहत आहे. त्याचं पिल्लू एकदा बेट सोडून समुद्रावर गेलं की काही वर्षं जमिनीला पाय लावत नाही आणि साधारण सहा-आठ वर्षांचं झाल्यावर अंडं घालतं. वॉन्डरिंग अल्बाट्रॉस दहा वर्षांच्या आसपास घालतो. त्याचा पिसारा चॉकलेटीपासून पांढरा होत होत जातो आणि ते काम कित्येक वर्षं चालू राहतं. लेसन अल्बाट्रॉस आठ-नऊ वर्षांचा झाल्यावर घरटं करतो, पण त्याआधी काही वर्षं वसाहतीत येऊन नुसता नाच शिकतो. जोडीदारासोबत पावलं जुळेपर्यंत संसार नाही!

याचं एक उत्तर असं आहे की समुद्रावर पोट भरणं हे कौशल्याचं काम आहे. गॉर्डन ओरियन्स या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये तपकिरी पेलिकनांचा अभ्यास करून दाखवलं की पाण्यात सूर मारून मासा पकडण्यात लहान पक्षी मोठ्यांपेक्षा कमी यशस्वी होतात. ताकद तीच, पंख तेवढेच, पण नेम बसायला वर्षं जातात. ज्याला अजून स्वतःचं पोट भरताना धाप लागते त्याने पिल्लाचं पोट कसं भरायचं? म्हणून आधी शिकणं, मग संसार.

पिसाऱ्याचंही असंच एक स्पष्टीकरण दिलं जातं. तपकिरी अंगरखा म्हणजे इतरांना दिलेली सूचना, की मी अजून स्पर्धेत नाही, माझ्याशी भांडू नका. ट्रेनीच्या गळ्यातलं वेगळ्या रंगाचं आयडी कार्ड असतं ना, तसं. प्रॉडक्शन पडलं तर त्याला कुणी रात्री दोनला फोन करत नाही.

दुसरं उत्तर गणिताचं आहे आणि मला ते जास्त पटतं. मोठ्या वयाचा समुद्रपक्षी एका वर्षात मरण्याची शक्यता फार कमी असते. अल्बाट्रॉससारख्या पक्ष्यांत शंभरातले नव्वदहून जास्त मोठे पक्षी पुढचं वर्ष बघतात. साध्या काळ्या डोक्याच्या कुरवाच्याही पायात घातलेल्या कड्यांवरून ३० वर्षांहून जास्त जगल्याच्या नोंदी आहेत. मिडवे बेटावरच्या विस्डम नावाच्या लेसन अल्बाट्रॉस मादीला १९५६ साली चॅन्डलर रॉबिन्स यांनी कडं घातलं, तेव्हाच ती मोठी होती. २०२४ च्या अखेरीस तिने पुन्हा अंडं घातलं, तेव्हा तिचं वय किमान ७४ धरलं गेलं! ज्याच्यापुढे इतकी वर्षं आहेत त्याला घाई करायचं कारणच नाही. उलट घाईत घरटं केलं आणि दमून मेला, तर पुढची सगळी वर्षं गेली. चिमणीचं तसं नाही. पुढचा उन्हाळा दिसेल याची तिला खात्री नाही, म्हणून ती पहिल्याच उन्हाळ्यात घरटं बांधते.

थोडक्यात काय, थांबणं त्यालाच परवडतं ज्याला उद्याची खात्री आहे.

हे वाक्य लिहिलं आणि मला माझ्या मामाचं गाव आठवलं. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, धारूरकडे. तिथून माजलगावचं धरण बाईकवर तासाभराच्या आत. कुरव धरणावर येतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि नेमकं तेव्हाच गाव रिकामं होतं. दसरा-दिवाळी झाली की ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. कारखान्यांचा पट्टा पडून मार्च-एप्रिलात माणसं परत आली की कुरव गेलेले असतात. दोघांची भेट अशी होतच नाही.

ऊसतोडीत मजुरीचं माप माणूस नसतो, 'कोयता' असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यावर. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात. लग्न झालं की तो पूर्ण. म्हणजे लग्न हा तिथे नुसता संस्कार नाही, तो रोजगाराचा भाग आहे. आणि मुलीच्या बाजूने बघितलं तर आईबाप सहा महिने बाहेर, घरात तरुण पोरगी एकटी. तिला फडावर न्यावं तर तिथे पाचटाची कोपी, दार नाही, संडास नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मामाकडे होतो तेव्हा शेजारचे अण्णा ओसरीवर बसले होते. त्यांची मुलगी नुकतीच सोळाची झालेली, दहावीला ७० च्या वर टक्के. मामा म्हणाला, "अण्णाला जरा सांग की रे, पोरीचं ठरवायलाय." मी काही सांगायच्या आतच अण्णा म्हणाले, "भाचेबुवा, तुमचं समदं बरोबर हाय. कायदा बी म्हाईत हाय मला. पर पोरगी वयात आली. आम्ही दोघं सहा महिने कारखान्यावर. तिला कुठं ठिवू ते सांगा. गावातलं हंगामी वसतिगृह आठवीपस्तोर. म्हातारीला डोळ्यानं दिसंना. उद्या काही झालं तर मी कुणाकडं बघू?"

मी तिथे भाषण देऊ शकलो असतो. अठरा वर्षांचा कायदा, २००६ चा. वीसच्या आतल्या आयांना बाळंतपणात झटके आणि जंतुसंसर्ग यांचा धोका जास्त, बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका जास्त, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण अण्णांचा प्रश्न यातला नव्हताच. त्यांनी विचारलं होतं, कुठं ठेवू.

आणि हे एकट्या अण्णांचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास. दुप्पट समजा.

मला राहून राहून तो 'वयात आली' शब्द खटकतो. आपल्या भाषेत वयात येणं ही एकच घटना आहे आणि तिची एकच तारीख आहे. शरीर बदललं, झालं. कुरवाकडे बघा, त्याच्या तीन वेगवेगळ्या तारखा आहेत. उडता आलं ती एक. मोठ्यांचा पिसारा आला ती दुसरी. आणि घरटं केलं ती तिसरी. तिन्हींमध्ये अंतर आहे आणि त्या अंतरातच तो पक्षी मासा पकडायला शिकतो, वारा ओळखायला शिकतो, वाट पाठ करतो. आपण मुलींच्या बाबतीत तिन्ही तारखा एका दिवसावर आणून ठेवल्या. सोळाव्या वर्षी तिला अजून घराबाहेर एकटीने उडूही दिलेलं नसतं आणि घरटं मात्र सांभाळायला दिलेलं असतं.

माझ्याबाबतीत पाहा, मी २८ चा. आई दर रविवारी फोनवर एखादं स्थळ सांगते, मी "बघू" म्हणतो, ती "बघ बाबा" म्हणते. विषय पुढच्या रविवारवर जातो. मला इतकी वर्षं तपकिरी पिसाऱ्यात फिरायची मुभा मिळाली ती मी फार समंजस आहे म्हणून नाही. पगार आहे, घर आहे, आजारी पडलो तर विमा आहे, म्हणून. मी अल्बाट्रॉसच्या हिशोबाने जगतो. अण्णा चिमणीच्या हिशोबाने जगतात, कारण त्यांच्या आयुष्यात पुढच्या उन्हाळ्याची खात्री कुणी दिलेलीच नाही.

पक्ष्यांवरून माणसांचे नियम काढायचे नसतात, हे मान्य. निसर्गात काय वाट्टेल ते सापडतं, आपल्याला हवं ते उदाहरण उचलता येतं. मी नियम काढत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की 'वय झालं' या शब्दाला आपण निसर्गाचा शिक्का मारतो, आणि निसर्गात तो शिक्का इतका सरळ नाही. घाई ही वयाने होत नाही, असुरक्षिततेने होते. ती कमी करायची तर अण्णांना लाज वाटायला लावून उपयोग नाही. आठवीनंतरच्या मुलींना सहा महिने राहायला जागा पाहिजे, जिथे दाराला कडी आहे आणि रात्री कुणीतरी मोठं माणूस आहे.

त्या मुलीचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. त्या दिवाळीत तासभर चर्चा झाली. शेवटी मामी आतून बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्या बहिणीकडं बीडला ठिवा. एक पोळी जास्तीची लागंल, लागू द्या." बस, एवढंच. ना कायदा, ना जागतिक आरोग्य संघटना. मुलगी बीडला अकरावीला गेली. गेल्या वर्षी बारावी झाली, आता नर्सिंगला आहे. अण्णा आणि काकू याही वर्षी कारखान्यावर गेलेत. धाकटी आता सातवीत आहे, म्हणजे तिचा प्रश्न दीड वर्षाने येईल. तेव्हा आणखी एका मामीची आणखी एक बहीण सापडेलच असं नाही. एकेका घराच्या चांगुलपणावर किती मुली थांबणार?

असो. रविवारचं ज्ञान जरा जास्तच झालं. या हिवाळ्यात मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या धरणावर जाणं झालं तर दुर्बीण घेऊन जा. कुरव दिसला तर आधी शेपटी बघा. काळी किनार असेल तर तो यंदाचाच आहे. त्याला अजून एक अख्खं वर्ष मोकळं आहे.